‘नंतर करतो’चा हिशेब

जून २०१३. सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपल कंपनीची वार्षिक डेव्हलपर परिषद भरली होती. तिथे दरवर्षी काही निवडक अ‍ॅपना डिझाइनचे पुरस्कार दिले जातात. त्या वर्षी विद्यार्थी विभागातल्या विजेत्यांमध्ये ‘फिनिश’ नावाचं एक छोटं अ‍ॅप होतं. ते बनवणारे रायन ऑर्बक आणि मायकेल हॅन्सन तेव्हा कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरात शाळेत शिकत होते. अ‍ॅप जानेवारीत बाजारात आलं होतं, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांचं होतं. चालढकल करणाऱ्यांसाठी कामांची यादी, अशीच त्याची ओळख करून दिली जायची.

कामांच्या याद्या ठेवणारी अ‍ॅप तेव्हाही ढिगाने होती. मग या दोन मुलांनी वेगळं काय केलं? त्यांनी यादीची मांडणी बदलली. कामाला तारीख होतीच, पण पडद्यावर कामं तारखांच्या रांगेत न लावता तीन कप्प्यांत ठेवली होती: जवळची, मधली आणि लांबची. किती दिवसांच्या आतलं काम ‘जवळचं’ मानायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दिवस सरत गेले की लांबच्या कप्प्यातलं काम आपोआप मधल्यात आणि मधल्यातलं जवळच्यात सरकायचं. एवढीच कल्पना. पण ती ज्याने स्वतः आदल्या रात्री प्रकल्प पुरा करण्यासाठी जागरण केलंय त्यालाच सुचावी अशी आहे. मुलाच्या डोक्यात ‘१७ तारीख’ नसते. ‘उद्या’ असतं, ‘या आठवड्यात’ असतं आणि ‘अजून खूप वेळ आहे’ असतं. घोटाळा होतो तो या तिसऱ्या जागी. तिथे ठेवलेलं काम एक दिवस अचानक ‘उद्या’ होऊन समोर उभं राहतं, कारण मधल्या काळात ते जवळ येतंय हे कुणी सांगितलेलंच नसतं. ‘फिनिश’ ते सरकणं डोळ्यांसमोर घडवत होतं.

गृहपाठ आणि वेळापत्रक सांभाळणारी अ‍ॅप विद्यार्थ्यांनीच पुन्हा पुन्हा का बनवली, याचं उत्तर मला इथे दिसतं. शिक्षकाला गृहपाठ म्हणजे दिलेलं काम, आणि कार्यालयाला वेळापत्रक म्हणजे वर्गखोल्या आणि शिक्षक यांची वाटणी. या सगळ्याचा ढीग एका संध्याकाळी एका टेबलावर येऊन पडतो तो फक्त विद्यार्थ्याच्या. गणिताच्या सरांना विज्ञानाच्या बाईंनी काय दिलंय ते ठाऊक नसतं. ती बेरीज विद्यार्थ्यालाच करावी लागते, आणि ती करायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आता ही बेरीज का चुकते ते पाहू. १९७९ मध्ये डॅनिएल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या एका सवयीकडे लक्ष वेधलं: एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना आपण हटकून कमी सांगतो, आणि अशीच कामं पूर्वी लांबली होती हे माहीत असूनही सांगतो. १९९४ मध्ये रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी कॅनडातल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर याची तपासणी केली. शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळं काही बिनसलं तर? सरासरी सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५ दिवस. म्हणजे सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजसुद्धा अपुराच पडला. स्वतः सांगितलेल्या मुदतीत काम पुरं करणारे जेमतेम ३० टक्के होते.

या अभ्यासातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आधीचा अनुभव मुलं विसरलेली नव्हती. पण नव्या कामाकडे बघताना ती फक्त पुढे बघत होती: आधी हे करीन, मग ते करीन, मग झालं. मागचा अनुभव आणि पुढचा बेत यांचा संबंध त्यांच्याकडून मुद्दाम जोडून घेतला तेव्हा अंदाज बरेच सुधारले. ‘गेल्या वेळी निबंधाला किती वेळ लागला होता?’ हा साधा प्रश्न योग्य क्षणी विचारला गेला, तर मुलगा शहाणा होतो. दुर्दैवाने गृहपाठाची बहुतेक अ‍ॅप हा प्रश्न विचारतच नाहीत. काम झालं की खूण करायची, काम नाहीसं होतं, आणि त्याबरोबर त्याला लागलेला वेळही नाहीसा होतो. माझ्या मते या प्रकारच्या अ‍ॅपमधली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. झालेलं काम पुसून न टाकता त्याची नोंद ठेवली, आणि पुढचा निबंध लिहायला घेताना ‘मागचा अडीच तासांत झाला होता’ एवढं दाखवलं, तरी पुष्कळ भलं होईल.

दुसरा प्रश्न आठवणीचा. झालेल्या गोष्टी आठवणं वेगळं आणि करायची गोष्ट वेळेवर आठवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या स्मरणावर गाइल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० पासून पुष्कळ काम केलं. त्यातला एक ढोबळ निष्कर्ष रोजच्या अनुभवाशी जुळणारा आहे. एखादी घटना घडल्यावर करायचं काम लक्षात राहणं तुलनेने सोपं असतं, कारण ती घटनाच आठवण करून देते. ठरावीक वेळी करायचं काम मात्र अवघड, कारण घड्याळाकडे बघायचं भान आपलं आपल्यालाच ठेवावं लागतं. ‘बाई भेटल्या की वही द्यायची’ हे जमतं. ‘साडेसातला अभ्यासाला बसायचं’ हे हातून निसटतं.

यावरचा एक तोडगा जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवून दिला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. निम्म्यांना आधीच विचारून ठेवलं: हे नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार? त्यांच्यापैकी दोन तृतीयांशांहून अधिक विद्यार्थ्यांनी वेळेत लिहून पाठवलं. ज्यांना हा प्रश्न विचारला नव्हता, त्यांच्यातल्या सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांनीच पाठवलं. इच्छा दोन्ही गटांची होती. फरक पडला तो जागा आणि वेळ ठरवण्याने. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली: अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं आणि दुसऱ्या कामात अडथळा आणतं, पण त्या कामाचा नेमका बेत आखला की, काम झालेलं नसतानाही, ते घोळणं थांबतं. परीक्षेच्या दिवसांत ज्यांच्या घरात दहावीचं मूल आहे त्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. त्या मुलाला धीर देण्यापेक्षा, त्याच्याशेजारी बसून ‘इतिहास कधी, भूमिती कधी’ एवढं कागदावर उतरवलं तर त्याला जास्त शांत झोप लागेल.

तर चांगल्या गृहपाठ-अ‍ॅपचं काम काय? काम नोंदवून घेणं, त्याला वेळ आणि जागा मिळवून देणं, आणि ते जवळ येताना दिसू देणं. ऐकायला सोपं आहे. बनवायला बसलं की शाळेचा काळ किती विचित्र असतो ते कळतं.

कॅलेंडरच्या अ‍ॅपना आठवडा समजतो. १९९८ मध्ये कॅलेंडरची माहिती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेण्याचं एक सार्वत्रिक प्रमाण ठरलं, २००९ मध्ये ते सुधारलं गेलं, आणि आजही जगभरची कॅलेंडरं त्यावर चालतात. त्यात ‘दर सोमवारी’, ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी’, ‘दर दोन आठवड्यांनी’ असे नियम लिहिता येतात. आपल्याकडच्या बहुतेक शाळांचं वेळापत्रक सोमवार ते शनिवार असं ठरलेलं, त्यामुळे ते या नियमांत सहज बसतं. पण ब्रिटनमधल्या अनेक शाळांत दोन आठवड्यांचं वेळापत्रक असतं, एक ‘अ’ आठवडा आणि एक ‘ब’ आठवडा. मधे सुट्टी आली की पुढचा आठवडा ‘अ’ की ‘ब’, हे शाळा ठरवते. अमेरिका, कॅनडा आणि हाँगकाँगमधल्या कित्येक शाळांत तर वारांचा संबंधच नसतो. तिथे ‘पहिला दिवस’ ते ‘सहावा दिवस’ असं चक्र फिरतं. सोमवारी पहिला दिवस असेल तर शुक्रवारी पाचवा, पुढच्या सोमवारी सहावा आणि मंगळवारी पुन्हा पहिला.

हे चक्र अ‍ॅपला समजावायचं तर वार विसरून शाळेचे दिवस मोजावे लागतात. सत्र सुरू झाल्यापासून शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून किती दिवस शाळा भरली, त्या आकड्याला सहाने भागायचं आणि बाकी बघायची. बोल्डरसारख्या ठिकाणी हिवाळ्यात बर्फ पडून अचानक शाळा बंद राहते. समजा, सोमवारी पहिला दिवस झाला, मंगळवारी दुसरा, आणि बुधवारी बर्फामुळे सुट्टी. गुरुवारी तिसरा दिवस की चौथा? काही शाळा तिसरा पुढे ढकलतात, काही तो बुडाला असं धरून चौथ्यावर जातात. अ‍ॅपने चुकीचं धरलं तर त्या दिवसापासून पुढचं अख्खं वर्ष एका घराने सरकतं, आणि मुलगी रसायनशास्त्राची वही घेऊन संगीताच्या वर्गात उभी राहते. ब्रिटनमधल्या जेमी क्लार्क या विद्यार्थ्याने सुरू केलेलं ‘माय स्टडी लाइफ’ हे अ‍ॅप जगभर पसरलं, त्यामागे हे एक कारण होतं. आठवड्यांचं चक्र आणि दिवसांचं चक्र, दोन्ही त्याला समजत होतं. मोठ्या कंपन्यांच्या कॅलेंडरना कार्यालयातल्या बैठका सांभाळायच्या असतात, त्यामुळे शाळेच्या या तऱ्हा त्यांच्या नजरेतच येत नाहीत.

वेळापत्रक एकदा नीट भरलं की पुढची गंमत शक्य होते. मंगळवारचा सहावा तास भूगोलाचा. घंटा वाजतेय, मुलं वह्या दप्तरात कोंबताहेत, आणि बाई म्हणताहेत, ‘नकाशा भरून आणा, आणि दुसऱ्या धड्याचे प्रश्न.’ नोंद करायला मुलाकडे फार तर अर्धं मिनिट आहे. अशा वेळी अ‍ॅपने विषय विचारला, तारीख विचारली, महत्त्व विचारलं, रंग विचारला, तर नोंद होणारच नाही. वेळापत्रक ठाऊक असलेलं अ‍ॅप घड्याळ बघून ओळखतं की आत्ता भूगोलाचा तास संपतोय. पुढचा भूगोल शुक्रवारी आहे, म्हणून मुदत शुक्रवारची धरतं. मुलाने फक्त ‘नकाशा, धडा २’ एवढं टिपायचं. ही सोय ज्या अ‍ॅपमध्ये आहे ते टिकतं, असं माझं निरीक्षण आहे. पहिल्या आठवड्यातल्या उत्साहात सगळेच सगळं भरतात. तिसऱ्या आठवड्यात दमलेला मुलगा काय भरतो, यावर त्या अ‍ॅपची परीक्षा होते.

यातल्या पडद्यामागच्या अडचणींबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण अशी अ‍ॅप बनवू पाहणारी मुलं इथेच ठेचकाळतात. मुलगा शाळेत फोनवर नोंद करतो, घरी लॅपटॉपवर बघतो. फोनला शाळेत इंटरनेट नसतं. म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठवायची आणि जोडणी मिळाली की दोन्हीकडची माहिती जुळवायची. एकच काम फोनवर ‘झालं’ केलं आणि लॅपटॉपवर त्याची तारीख बदलली, तर खरं कुठलं मानायचं? बरीच अ‍ॅप सर्वांत शेवटी केलेला बदल ग्राह्य धरतात. पुसलेल्या कामाचं तर आणखी अवघड. फोनवरून ते काढून टाकलं, पण लॅपटॉपकडे ते अजून आहे. जुळवताना लॅपटॉप म्हणतो, ‘माझ्याकडे हे काम आहे, तुझ्याकडे नाही, घे.’ आणि पुसलेला गृहपाठ पुन्हा जिवंत होतो. त्यामुळे पुसलेली नोंद खरोखर पुसायची नसते, ‘ही पुसली आहे’ अशी खूण करून काही काळ जपून ठेवायची असते.

आठवण करून देणाऱ्या सूचनांचंही तसंच. आयफोनवर एका अ‍ॅपला एका वेळी पुढच्या ६४ सूचनाच लावून ठेवता येतात. आठ विषय, रोजचा गृहपाठ, प्रत्येक तासाची सूचना आणि दोन चाचण्या धरल्या तर ६४ चा आकडा थोड्याच दिवसांत भरतो. म्हणून अ‍ॅपला सगळ्यात जवळच्या सूचना निवडून लावाव्या लागतात आणि अ‍ॅप उघडलं जाईल तेव्हा पुढच्या भराव्या लागतात. अँड्रॉइडवर अडचण वेगळी. २०१५ पासून बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन निजला की अ‍ॅपची कामं मागे ठेवली जातात. काही कंपन्यांचे फोन त्याच्याही पुढे जाऊन मागे चालणारं अ‍ॅप बंदच करतात. साडेसातची सूचना आठ वाजून दहा मिनिटांनी येते. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या हातात अँड्रॉइड फोनच असतात. सूचना येत नाहीत अशी तक्रार असेल तर अ‍ॅपला दोष देण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढून पाहावं. बहुतेकदा दुखणं तिथेच असतं.

आणि पैशाचं काय? अ‍ॅपलच्या दुकानात अ‍ॅप ठेवायचं तर वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, गुगलकडे एकदाच २५ डॉलर. अठरा वर्षांखालच्या मुलाला करारावर सही करता येत नाही, म्हणून खातं बऱ्याचदा आई किंवा वडिलांच्या नावावर असतं. मिळकतीचा मार्ग मात्र अरुंद आहे. ज्यांना हे अ‍ॅप हवं त्यांच्या खिशात पैसे नसतात, वापर शाळा सुरू होताना वाढतो आणि सुट्टीत थंडावतो, आणि आजचा वापरणारा चार-पाच वर्षांत शिक्षण संपवून निघून जातो. मग उरतात तीन वाटा: जाहिराती, वर्गणी, किंवा शाळांनाच विकणं.

तिसऱ्या वाटेने गेलेलं मोठं उदाहरण म्हणजे ‘स्कूलॉजी’. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं, आणि मूळ कल्पना वर्गातल्या टिपणांच्या देवघेवीची होती. पुढे ते शाळांना विकलं जाणारं संपूर्ण व्यासपीठ झालं: गृहपाठ, गुण, हजेरी, संवाद, सगळंच. २०१९ मध्ये ‘पॉवरस्कूल’ या मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं. व्यवसाय म्हणून हे यश आहेच, आणि शिक्षकांचं कामही त्याने हलकं केलं. पण गिऱ्हाईक बदललं की वस्तू बदलते. शाळा पैसे देते तेव्हा अ‍ॅप शाळेच्या प्रश्नांची उत्तरं देऊ लागतं: कुणी जमा केलं, कुणी नाही, सरासरी किती, पालकांना कळवलं का? ‘आज रात्री मी आधी कशाला हात घालू?’ हा मुलाचा प्रश्न मागे पडतो.

शिवाय मुलांची माहिती एका जागी गोळा होते. डिसेंबर २०२४ मध्ये याच पॉवरस्कूल कंपनीच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीत घुसखोरी झाली आणि अमेरिका व कॅनडातल्या अनेक शाळांमधल्या विद्यार्थी-शिक्षकांची माहिती चोरीला गेली. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, आणि त्याच्या वागण्यावर पाळत ठेवून त्याला जाहिराती दाखवू नयेत, अशी तरतूद त्यात आहे. गृहपाठ लिहून ठेवणाऱ्या अ‍ॅपला मुलाचा ठावठिकाणा किंवा फोनमधले संपर्क यांची काहीच गरज नसते. तशी परवानगी मागणारं अ‍ॅप सरळ काढून टाकावं.

विद्यार्थ्याच्या हातून शाळेच्या हाती जाण्याचा हा प्रवास फ्रान्समध्ये आणखी स्पष्ट दिसतो. तिथे २०११ पासून माध्यमिक शाळांतली कागदी गृहपाठ-नोंदवही जाऊन तिची जागा डिजिटल नोंदवहीने घेतली. मार्सेयच्या एका कंपनीचं ‘प्रोनोट’ हे सॉफ्टवेअर घराघरांत पोहोचलं. शिक्षक संध्याकाळी घरून गृहपाठ टाकू लागले, गुण येताच पालकांच्या फोनवर दिसू लागले. मुलं तासातासाला अ‍ॅप उघडून बघू लागली. २०२५ मध्ये फ्रान्सच्या तेव्हाच्या शिक्षणमंत्री एलिझाबेथ बोर्न यांनी रात्री आठ ते सकाळी सात या वेळेत अशा प्रणालींवर नवं काही टाकू नये, अशी ‘डिजिटल विश्रांती’ सुचवली. आणि त्याच देशात ‘पापियों’ नावाचं अ‍ॅप विद्यार्थ्यांनी बनवलं. शाळेच्या प्रणालीतलं वेळापत्रक, गृहपाठ आणि गुण ते आपल्या पद्धतीने, साध्या देखण्या रूपात मांडतं, आणि त्याची आज्ञावली कुणालाही वाचायला खुली आहे. शाळेने दिलेली प्रणाली हाताशी असताना मुलांना पुन्हा स्वतःचं काहीतरी बनवावंसं वाटलं, याकडे मी कौतुकाने पाहतो. माहिती शाळेची, पण मांडणी विद्यार्थ्याची, अशी ती मागणी आहे.

आपल्या महाराष्ट्रात या सगळ्याची जागा सध्या व्हॉट्सअ‍ॅपने घेतली आहे, आणि त्याबद्दल मला काळजी वाटते. वर्गाचा पालक-गट असतो. रात्री नऊ वाजता कुणाची तरी आई विचारते, ‘उद्या चार्ट पेपर आणायला सांगितलाय का?’ दुसरी म्हणते, ‘पांढरा की रंगीत?’ तिसरी वहीच्या पानाचा फोटो टाकते. आणखी कुणाचे तरी बाबा तोवर स्टेशनरीच्या दुकानाकडे निघालेले असतात. मुलगा आतल्या खोलीत बसून टीव्ही बघत असतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण गृहपाठ लक्षात ठेवायचं काम त्याचं राहिलेलंच नाही. घंटा वाजताना त्याने ऐकायचं, टिपायचं, संध्याकाळी बेत करायचा, आणि चुकला तर उद्या वर्गात उत्तर द्यायचं, ही साखळी तुटली आहे. करोनाच्या काळात गटावर गृहपाठ पाठवण्याला पर्याय नव्हता. शाळा पूर्ववत सुरू झाल्या, गट मात्र तसेच राहिले.

गृहपाठ किती असावा याचं उत्तर केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दिलेलं आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास, आणि नववी ते बारावी रोज फार तर दोन तास. ही मर्यादा सगळ्या विषयांची मिळून आहे. म्हणजे ती पाळायची तर त्या वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्यांना एकमेकांनी दिलेला गृहपाठ दिसायला हवा. इथे शाळेच्या प्रणालीचा खरा उपयोग आहे. शिक्षकांनी शिक्षकांसाठी एक सामाईक तक्ता ठेवावा, मग तो स्टाफरूममधल्या फळ्यावर असला तरी चालेल. बुधवारी आठवीला गणिताचा सराव-संच दिलाय हे विज्ञानाच्या बाईंना दिसलं की त्या प्रयोगवही गुरुवारवर ढकलतील.

मुलांच्या बाजूचं सांगायचं तर आपल्या बहुतेक शाळांत फोन नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे वर्गातली पहिली नोंद डायरीतच होणार. पाचवी ते सातवीच्या मुलांना मी अ‍ॅप सुचवणार नाही. डायरी आणि भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना पुरतं. आठवीनंतर, शिकवणी, घटक चाचणी, प्रकल्प आणि स्पर्धा परीक्षा एकमेकांत गुंतायला लागल्या की अ‍ॅप उपयोगी पडतं. तेव्हा घरी आल्यावर डायरीतलं काम मुलाने स्वतः अ‍ॅपमध्ये भरावं. ही दुहेरी मेहनत वाटेल, पण भरताना प्रत्येक कामाकडे दुसऱ्यांदा बघणं होतं आणि ‘हे कधी करीन, कुठे बसून करीन’ हे तिथेच ठरतं. गोलवित्झर यांच्या विद्यार्थ्यांना जो प्रश्न विचारला गेला होता, तो मुलाने इथे स्वतःला विचारायचा. काम संपल्यावर शेजारी लागलेली मिनिटं लिहायची. पालकांनी अ‍ॅप उघडून तपासणी करू नये. विचारायचंच असेल तर ‘आज काय ठरवलंयस?’ असं विचारावं.

आणि नववी-दहावीतल्या किंवा महाविद्यालयातल्या ज्या मुलांना असं अ‍ॅप स्वतः बनवायचंय, त्यांनी जरूर बनवावं. एकही ओळ लिहिण्याआधी आपल्या वर्गातल्या चार-सहा मित्रांच्या डायऱ्या महिनाभर वाचा. काय लिहिलं जातं, काय राहून जातं, कुठली कामं आदल्या रात्री उघडकीला येतात, ते बघा. मराठी माध्यमाच्या वर्गात मुलं ‘स्वाध्याय ३.२’, ‘प्रयोगवही पूर्ण’, ‘नकाशा’ असं लिहितात. तुमच्या अ‍ॅपला ते तसंच लिहिता आलं पाहिजे, आणि ते इंटरनेटशिवाय, आईच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर चाललं पाहिजे. अजून तरी असं अ‍ॅप माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

शिक्षकांना मात्र आजच करता येण्याजोगी एक विनंती. गृहपाठ घंटा वाजण्याच्या आधी पाच मिनिटं सांगा, फळ्यावर लिहा, आणि सगळ्यांनी तो आपापल्या डायरीत उतरवून घेईपर्यंत थांबा. आणि त्या दिवशी तो पालकांच्या गटावर टाकू नका.